ठणका आपोआप थांबला. आता रूट कॅनॉल करू की रद्द करू?

चांदणवेल

उजवीकडची खालची दाढ, मागून दुसरी. दोन महिन्यांपासून गार पाणी प्यायलं की कळ यायची, पण घोट गिळेपर्यंत ओसरायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मागच्या आठवड्यात सगळंच पालटलं. गरम काही तोंडात गेलं की जी कळ सुटायची ती पंधरा-वीस मिनिटं हटायची नाही. रात्र तर विचारूच नका. दिवसा कसाबसा सोसणारा ठणका आडवं झाल्याबरोबर दुप्पट व्हायचा. चार रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. हातात गार पाण्याचा पेला असायचा, कारण गार घोट दाढेवर धरून ठेवला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. कानापासून हनुवटीपर्यंत सगळंच दुखत होतं. नेमका कुठला दात ते मला बोट ठेवून सांगताही येईना.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गार केलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावून पाहिला आणि सांगितलं, कीड दाढेतल्या नसेपर्यंत पोचलीय, रूट कॅनॉल करावं लागेल आणि वर कॅप. परवाची वेळ दिलीय.

आणि काल सकाळी उठले तर दुखणं नाहीच! गरम लागत नाही, गार लागत नाही. काल रात्री सलग आठ तास झोपले. फक्त चावताना ती दाढ बाकीच्यांपेक्षा जरा उंच झाल्यासारखी वाटते.

मला इंजेक्शनची फार भीती वाटते. लहानपणी एक दात काढताना भूल नीट चढली नव्हती, ते अजून अंगावर येतं. त्यामुळे मनात सारखं येतंय की दुखणं गेलंच आहे तर थोडे दिवस थांबू का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. आत नक्की काय करतात तेही कुणी नीट समजावलं तर बरं होईल. घाईत डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.

उंबरठा

दुखत नसेल तर कोरून कशाला घेताय? मेलेला दात तोंडात ठेवला की त्यातलं विष हळूहळू अंगभर पसरतं असं मी एका व्हिडिओत ऐकलं होतं. पुन्हा दुखलंच तर सरळ काढून टाका. एक दाढ गेल्याने कुणाचं काही अडत नाही.

टिकटिक

चांदणवेल, परवाची वेळ रद्द करू नका. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. कारण सविस्तर सांगतो, कारण हीच चूक मी केली आहे.

मी घड्याळं दुरुस्त करतो, एकतीस वर्षं झाली. माझी डावीकडची खालची दाढ होती. पाच रात्री जागलो. सहाव्या दिवशी सकाळी दुखणं गायब. दवाखान्यात फोन केला, म्हटलं बरं वाटतंय, गरज पडली तर येईन. आठ महिने खरंच काही झालं नाही. मग एका सकाळी आरशात पाहिलं तर गाल सुजलेला, जबड्याखाली दुखरी गाठ, अंगात ताप. एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाच्या टोकाशी काळी गोल सावली दिसली. तेवढ्या जागेतलं हाड विरघळलं होतं. आठ महिने मला एकदाही दुखलं नव्हतं आणि त्याच आठ महिन्यांत हे आत चाललं होतं.

डॉक्टरांनी त्या दिवशी कागदावर दाढ काढून दाखवली. बाहेर टणक एनॅमल, त्याखाली डेंटिन आणि मधल्या पोकळीत मऊ जिवंत भाग, ज्याला आपण सगळे ‘नस’ म्हणतो. तिथे नुसती नस नसते. बारीक रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पेशी असं सगळं एकत्र असतं. बोट ठेचलं तर सुजतं, कारण कातडी ताणली जाते. दाढेच्या आत ताणायला काही नाही, चहूबाजूंनी भिंत. सूज आली की नुसता दाब वाढतो. आत रक्त येतं ते मुळाच्या टोकाच्या अगदी बारीक भोकातून, आणि दाब वाढत गेला की तेही येईनासं होतं. मग आतला भाग मरतो. मेलेले मज्जातंतू दुखत नाहीत. तुम्हाला काल मिळालेली झोप बहुधा त्यामुळे आहे. जंतू मात्र आतच असतात, आणि आता त्यांना अडवायला तिथे रक्तपुरवठाही नसतो.

तुमचं ‘दाढ उंच वाटते’ हे वाक्य वाचलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं, त्यावर तो तोललेला असतो. मुळाच्या टोकातून घाण बाहेर पाझरू लागली की हे अस्तर सुजतं आणि दात अगदी किंचित वर उचलला जातो. चावलेलं जाणवतं तेही याच अस्तरामुळे. आतल्या नसेला फक्त कळ कळते, जागा कळत नाही. म्हणून चार रात्री तुम्हाला दात दाखवता येत नव्हता आणि आज बरोबर दाखवता येतोय. दुखणं नसेतून निघून मुळाबाहेर पोचल्याची ही खूण असू शकते. डॉक्टरांना हे जरूर सांगा.

आत काय करतात ते माझ्या अनुभवातून सांगतो. माझी सूज ओसरल्यावर पहिली सिटिंग झाली. भूल दिली, ओठ जड होईपर्यंत थांबले. मग एका पातळ रबराच्या चौकोनाला भोक पाडून तो त्या दाढेवर चढवला, चिमट्याने अडकवला. तोंडात एवढा एकच दात वर दिसत राहिला. लाळ आत जात नाही, औषध घशात उतरत नाही, बारीक हत्यार निसटलं तरी गिळलं जात नाही. याला रबर डॅम म्हणतात आणि ही युक्ती १८६४ पासूनची आहे. तुमच्याकडे लावतात का ते जरूर विचारा. मला तर तो लागल्यावर श्वासही मोकळा घेता आला, सारखं गिळायची धडपड थांबली.

पुढे वरून छिद्र करून कीड काढली आणि मुळांच्या नळ्यांची तोंडं शोधली. मूळ म्हणजे आतून पोकळ, निमुळती नळी. कधी सरळ, बहुतेकदा वाकलेली. त्या नळ्या बारीक फाइलींनी घासून साफ करतात. मी विनंती केली म्हणून डॉक्टरांनी फाइल दाखवली. जांभळ्या मुठीची दहा नंबरची, टोकाशी ०.१० मिलिमीटर. मग पांढरी पंधरा नंबरची, ०.१५. पुढे पिवळी वीस, लाल पंचवीस, निळी तीस. नंबर हीच टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. माझ्या टेबलावरची हत्यारं इतकी बारीक नाहीत, आणि मी तर घड्याळ उघडून भिंगाखाली धरतो. ही माणसं न दिसणाऱ्या, वाकड्या नळीत बोटांच्या अंदाजाने काम करतात. नंतर वाचनात आलं की १८३८ साली एडवर्ड मेनार्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासूनच या कामाचं पहिलं हत्यार बनवलं. त्या दिवशी स्प्रिंग बदलताना मी ती बराच वेळ हातात धरून पाहत बसलो होतो. आता वाकड्या मुळांसाठी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या फाइली असतात. त्या वाकतात आणि परत सरळ होतात, त्यामुळे मुळाची भिंत फारशी कोरली जात नाही.

नळी किती खोल आहे हे एक छोटं यंत्र सांगतं. फाइलला एक तार जोडतात, ओठाला एक छोटा हूक अडकवतात. फाइल टोकाजवळ जाईल तसा आवाज बदलतो. टोकाच्या अलीकडे थांबलं तर घाण राहते, पलीकडे गेलं तर बाहेरच्या भागाला इजा होते. माझ्या एका मुळाचं माप २१ मिलिमीटर आलं होतं, दुसऱ्याचं १९.५. अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या हातात आपण आहोत हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली.

घासणं हा अर्धाच भाग. नळीला अशा बारीक फांद्या फुटलेल्या असतात की तिथे कुठलीच फाइल पोचत नाही. तिथली घाण औषधानेच धुवावी लागते. सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये असतं तेच रसायन. ते मेलेला भाग विरघळवतं. वास येतो, घाबरू नका. माझ्यात पू होता म्हणून त्या दिवशी आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पांढरी पेस्ट भरून तात्पुरतं सिमेंट लावलं. दुसऱ्या वेळी पुन्हा धुतलं. तिसऱ्या वेळी नळ्या कोरड्या करून गटापर्चा भरला. हा एका झाडाच्या चिकापासून होतो, रबराचा चुलतभाऊ म्हणा. त्याच्या बारीक काड्या सिमेंटसह नळीत दाबून बसवतात, म्हणजे जंतूंना परत शिरायला वाट उरत नाही.

वर्षाने एक्स-रे काढला तेव्हा ती काळी सावली भरून आली होती. हाड परत तयार झालं होतं. त्या दाढेने मी आज अकरा वर्षं चावतोय.

चांदणवेल

तुम्ही एवढं लिहिलंत, खूप आभार. दोनदा वाचलं. रद्द करत नाही. पण भुलेची भीती तशीच आहे. आणि एक शंका. घरात एकाकडे अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या आहेत, त्या घेतल्या तर जंतू मरून हे सगळं टळणार नाही का?

दातदुखीतज्ज्ञ

मी दंतवैद्य आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान तुमच्या डॉक्टरांचंच धरा.

आधी गोळ्यांचं. अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. ज्या दाढेत रक्तच जात नाही तिथे ते पोचणार कसं? चेहऱ्यावर सूज पसरते आहे, ताप आहे, अशा वेळी आम्ही ते देतो, पण उपचाराच्या जोडीला. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर कुणीच घेऊ नयेत. आणि ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. दर काही दिवसांनी असा कुणी तरी पांढरी पडलेली हिरडी घेऊन येतो आणि मला खरोखर वाईट वाटतं.

भुलेबद्दल. तुमची लहानपणीची आठवण खोटी नाही. खूप सुजलेल्या नसेवर, विशेषतः खालच्या दाढांमध्ये, नेहमीचं इंजेक्शन कधी कधी अपुरं पडतं. हे आम्हाला माहीत असतं आणि त्यावर उपायही असतात. दाताच्या बाजूला जास्तीची भूल देता येते, मुळाभोवतीच्या अस्तरात देता येते, अगदीच वेळ आली तर थेट नसेत. इंजेक्शनआधी हिरडीवर बधिर करणारी जेली लावा म्हणून सांगा. औषध सावकाश सोडलं तर कमी दुखतं. त्यात ॲड्रेनालिन असेल तर एखाद मिनिट छाती धडधडू शकते, ते आपोआप शांत होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुर्चीत बसायच्या आधीच लहानपणीची ही गोष्ट सांगा आणि ठरवून घ्या, की डावा हात वर केला की काम थांबवायचं. मी हे प्रत्येक घाबरलेल्या माणसाशी ठरवते. बहुतेकांना हात वर करावाच लागत नाही, पण करता येतो एवढ्याने खांदे सैल पडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, ॲलर्जी, गरोदरपण, यातलं काही असेल तर तेही आधी सांगा.

उंबरठा, तुमच्या व्हिडिओतली समजूत शंभर वर्षं जुनी आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या माँट्रियलमधल्या भाषणात, अंगातल्या आजारांसाठी दातांवरच्या कामाखाली साठणाऱ्या जंतूंवर बोट ठेवलं. पुढे १९२० च्या दशकात वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्यांनी रूट कॅनॉल केलेले दात सशांच्या कातडीखाली ठेवून प्रयोग केले आणि अशा दातांमुळे आजार होतात असं म्हटलं. त्या काळात असंख्य लोकांचे दात, चांगलेसुद्धा, काढले गेले. त्यांचे आजार त्याने बरे झाले नाहीत. प्राइस यांचे निष्कर्ष काटेकोर प्रयोगांत टिकले नाहीत आणि ती कल्पना मागे पडली. आणि ‘मेलेला दात’ हा शब्दही पुरता बरोबर नाही. आतली नस नसते, पण मुळाभोवतीचं अस्तर जिवंत असतं, त्याला रक्त मिळतं, म्हणून तो दात हाडात टिकतो.

काढण्याबद्दल म्हणाल तर काही वेळा तेच योग्य असतं. मूळ उभं चिरलं असेल, किंवा कॅप धरायला दाताचा भागच उरला नसेल, तर मी स्वतः काढायला सांगते. पण ‘काही अडत नाही’ हे खरं नाही. मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, मग अडकणं आणि कीड. ती जागा भरायची तर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू. नाही तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, ज्यासाठी बहुधा शेजारचे चांगले दात घासावे लागतात.

चांदणवेल, तोपर्यंत एका गोष्टीवर लक्ष ठेवा. गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढू लागली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर परवाची वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी.

टिकटिक

डॉक्टरांनी कॅपचा उल्लेख केला म्हणून आणखी थोडं. वर मी चांगली झालेली दाढ सांगितली. माझी वरची एक दाढ गेली, तीही माझ्याच हलगर्जीपणाने. रूट कॅनॉल उत्तम झालं होतं. कॅप नंतर बसवू म्हणत मी सात महिने काढले. दुखत नव्हतंच. एक दिवस साधा घास चावताना आवाज आला आणि दाढ उभी दुभंगली, थेट मुळापर्यंत. काढण्यावाचून इलाज राहिला नाही.

रूट कॅनॉलने दात वाळून ठिसूळ होतो असं मला वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं की मुख्य कारण ते नाही. किडीने आणि छिद्र करताना मधला भागच निघून जातो, उरतात त्या पातळ भिंती. चावताना त्या बाहेरच्या बाजूला फाकतात. कॅप त्यांना वरून कवळून धरते. चावण्याचा खरा भार मागच्या दाढांवर येतो म्हणून तिथे ती जवळजवळ नेहमी लागते. पुढच्या दातांना पुष्कळदा नुसतं भरण पुरतं. त्या सात महिन्यांबद्दल मला अजून हळहळ वाटते. कुणीही ही शेवटची पायरी टाळू नये असं फार मनापासून वाटतं.

चांदणवेल

आज पहिली सिटिंग झाली. जीभ अजून थोडी बधिर आहे पण लिहायचंच होतं.

हात वर करायचं आधीच ठरवून घेतलं. जेली लावली, इंजेक्शन सावकाश दिलं, पहिल्यांदा टोचल्याचं कळलं, नंतर नाही. गार बोळ्याला दाढ काही बोलली नाही. हलकेच ठोकून पाहिलं तेव्हा मात्र चांगलंच दुखलं. डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं थांबला नाहीत. दाढ उघडल्यावर घाण वास आला, मला खुर्चीतही जाणवला. दोन नळ्यांत सगळं मेलेलं होतं, पण मागच्या मुळात नस थोडी जिवंत निघाली. तिथे फाइल गेली आणि कळ आली. मी हात वर केला. त्या लगेच थांबल्या, आणखी भूल दिली, पाच मिनिटं वाट पाहिली. पुढे काहीच दुखलं नाही. लहानपणी मी हात वर केला असता तर कुणी थांबलं असतं का, हा विचार मनात येऊन गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

तीन नळ्या अपेक्षित होत्या, चार निघाल्या. चौथी शोधायला त्यांनी भिंग लावून वीस मिनिटं घालवली. एखादी नळी राहून गेली तर पुढे तिथूनच पू होतो, असं म्हणाल्या. आत पांढरी पेस्ट भरलीय, वर तात्पुरतं सिमेंट. दोन-तीन दिवस चावताना ठणकेल, सांगितल्याप्रमाणे गोळी घ्या, त्या बाजूने चावू नका, असं सांगितलंय. पुढची वेळ दहा दिवसांनी आहे, आणि कॅपच्या मापाची तारीखही टिकटिककाका, मी आजच मागून घेतली.

एकच विचारायचं होतं. आत्ता जिभेला सिमेंटचा एक छोटा कण निघाल्यासारखा लागला. मी तो थुंकून टाकला. जागा खडबडीत वाटते. हे चालतं का?

दातदुखीतज्ज्ञ

वरचा पातळ थर झिजणं नेहमीचं आहे. पण खड्डा लागत असेल किंवा सिमेंटखाली ठेवलेला कापूस दिसत असेल तर लाळेबरोबर जंतू आत जातील आणि आजची मेहनत वाया जाईल. टॉर्चच्या उजेडात आरशात बघा. शंका आली तर सकाळी दवाखाना उघडल्याबरोबर फोन करा, सिमेंट पुन्हा लावायला पाच मिनिटं लागतात. जिभेने किंवा काडीने तिथे उकरू नका. आणि भूल पूर्ण उतरेपर्यंत काही खाऊ नका, नाही तर गाल चावला गेलेला कळणारही नाही.